परक्या मुलखातले बंबखाने

परदेशी गेलेल्या मराठी माणसाने प्रथम राजवाडा पाहावा, मग चित्रसंग्रहालय पाहावे, आणि पाय भरून आले म्हणजे एखाद्या उद्यानातील बाकावर टेकून घरच्या चहाची आठवण काढावी, असा आपल्याकडे एक शिरस्ता पडून गेलेला आहे. हा शिरस्ता मीही पुष्कळ वर्षे इमानेइतबारे पाळला. परंतु राजवाडे हे सर्व देशांत एकाच वृत्तीच्या लोकांनी एकाच हेतूने बांधलेले असल्यामुळे, काही पाहून झाल्यावर पुढच्याचा दिवाणखाना कोणत्या अंगाला असेल हे आत शिरण्यापूर्वीच सांगता येऊ लागते. बंबखान्याचे तसे नाही. गावात आग लागली असता धावून जावे कोणी, राजाच्या शिपायाने, नगरपालिकेच्या चाकराने, शेजाऱ्याने, की विमा उतरवणाऱ्या कंपनीच्या माणसाने, हा प्रश्न प्रत्येक समाजाने आपापल्या स्वभावाप्रमाणे सोडवलेला आहे. आणि त्याचे उत्तर तेथील बंबखान्याच्या दारात उभे राहिले असता जितके स्वच्छ वाचता येते तितके जाड इतिहासग्रंथांतही सापडत नाही. शिवाय सरकारी खात्यांत हे एकच खाते असे की जेथील नोकर रिकामे बसलेले दिसले तर रयतेने आनंद मानावा. आणि रिकामा मनुष्य हा, निदान माझ्या अनुभवाप्रमाणे, फार सौजन्यशील यजमान असतो.

इस्तंबूलला ह्या छंदाचे चांगलेच पोषण झाले. बेयाझित चौकात, विद्यापीठाच्या आवारात, पंच्याऐंशी मीटर उंचीचा एक दगडी मनोरा उभा आहे, आणि तो अजानसाठी किंवा विजयाचे स्मारक म्हणून नव्हे, तर केवळ आग टेहळण्यासाठी १८२८ साली दुसऱ्या महमूद सुलतानाने बांधवला. त्या काळचे इस्तंबूल म्हणजे लाकडी घरांची दाटी, दोन घरांचे सज्जे एकमेकांना टेकतील अशा गल्ल्या आणि उत्तरेकडून काळ्या समुद्रावरचा वारा. तेव्हा एका स्वयंपाकघरातील ठिणगीने अर्धा मोहल्ला संध्याकाळपर्यंत राख व्हावा हे नित्याचे होते. मनोऱ्यावरच्या पहारेकऱ्याला धूर दिसला की दिवसा टोपल्या आणि रात्री कंदील टांगून आग कोणत्या दिशेला लागली त्याची खूण करीत, आणि तांबडी बंडी घातलेला, हातात भाला घेतलेला जासूद ती वर्दी ओरडत गल्लीगल्लीतून धावे. आता रात्री त्या मनोऱ्यावर जे रंगीत दिवे लागतात ते हवामान सांगतात: निळा म्हणजे निरभ्र आकाश, हिरवा म्हणजे पाऊस, पिवळा म्हणजे धुके, तांबडा म्हणजे बर्फ. आपत्तीची सूचना देणाऱ्या वास्तूला म्हातारपणी असे सौम्य काम मिळावे हे मला फार आवडले.

वर्दी ऐकून धावत ते तुलुंबाजी, म्हणजे पंपवाले. दावूद नावाच्या एका धर्मांतरित फ्रेंच माणसाने अठराव्या शतकाच्या आरंभी तेथे हातपंप तयार केला, १७२० साली त्याची रीतसर पलटण उभी राहिली, आणि ती सुलतानाच्या जानिसारी सैन्याला जोडलेली असल्यामुळे १८२६ साली जानिसाऱ्यांबरोबर तीही बरखास्त झाली. त्याच वर्षी शहरात मोठी आग लागली आणि सरकारला आपल्या घाईचा पश्चात्ताप झाला. मग मोहल्ल्यामोहल्ल्यांनी आपापले पंप बाळगले. चौघांनी पेटीसारखा तो पंप खांद्यावर घ्यायचा, बाकीच्यांनी मागेपुढे धावायचे, पाय अनवाणी, गुडघ्यापर्यंत तोकडी विजार, आणि वाटेत दुसऱ्या मोहल्ल्याचा पंप आडवा आला तर आधी पुढे कोणी जायचे ह्याचा निकाल मुष्टियुद्धाने लावायचा. दोन नामांकित गोविंदा पथके एकाच हंडीखाली एकाच वेळी येऊन उभी राहिल्यावर जी शोभा होते, तीच त्या गल्लीत होत असली पाहिजे. घर जळणाऱ्याने त्या वेळी काय करावे ह्याचा विचार बहुधा कोणी केला नसावा. तरी ह्या धटिंगणांवर लोकांचे प्रेम होते, कारण ते सरकारचे नव्हते, आपल्या गल्लीचे होते.

जुन्या फातिह भागातील ज्या लहानशा बंबखान्यात मी गेलो तेथे धटिंगणपणाचा मागमूस नव्हता. दारातच एका वयस्क जवानाने मला खुर्ची दिली, दोन मजली किटलीच्या वरच्या भांड्यातून काळाकुट्ट अर्क व खालच्या भांड्यातून उकळते पाणी कमरेत निमुळत्या होत गेलेल्या पेल्यात ओतले, बशीत साखरेचे दोन खडे ठेवले, आणि पेला कडेला दोन बोटांनी कसा धरावा हे स्वतः धरून दाखवले. पहिला पेला संपेपर्यंत, आपण कोण, कोठले, कशासाठी आलात, ह्यांतला एकही प्रश्न त्याने विचारला नाही. आपल्याकडे कचेरीच्या उंबऱ्यावर पाय ठेवण्यापूर्वीच ‘काय काम आहे?’ हा सवाल छातीवर येऊन आदळतो. त्यात वाईट हेतू नसतो, पण आलेल्या माणसाला काही काम असलेच पाहिजे हा आपला आग्रह मोठा विलक्षण आहे. दुसऱ्या पेल्याच्या वेळी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलणे सुरू झाले. तुमच्याकडेही लाकडी घरे होती काय, असे त्याने विचारले. मी सागवानी खांबतुळयांच्या वाड्यांचे वर्णन केले आणि पुण्याचा शनिवारवाडा १८२८ साली जळाला हे सांगितले, तेव्हा त्याने बोटाने मनोऱ्याच्या दिशेला खूण केली व दोन्ही सालांचा मेळ बसल्याबद्दल आणखी एक पेला माझ्यापुढे सरकवला.

त्या खोलीतल्या भिंतीवर तुर्की फेज घातलेल्या एका युरोपीय गृहस्थाची तसबीर होती. ते काउंट एडन सेचेनी. हंगेरीतील एका थोर घराण्यातील हा पुरुष लंडनमध्ये आग विझवण्याची विद्या शिकला, १८७० साली त्याने बुडापेस्टचे दल उभारले, आणि १८७४ साली सुलतानाच्या बोलावण्यावरून इस्तंबूलला येऊन तेथील दल असे मनावर घेतले की पाशा ही पदवी मिळवून १९२२ साली तो तेथेच वारला. पुढे बुडापेस्टमध्ये त्याच्या शहरातून जाताना पाऊस इतका कोसळत होता की आग हा विषय काढणेच अप्रशस्त वाटले. तेथे मी गरम रश्शाचा एक वाडगा प्यालो आणि व्हिएन्नाची वाट धरली.

व्हिएन्नाचे मुख्य अग्निशमन केंद्र आम होफ नावाच्या भव्य चौकात आहे. शेजारी जुना नागरी शस्त्रागार, त्याच्या माथ्यावर सोनेरी गोल, समोर चर्च, आणि ह्या सर्व वैभवामध्ये तांबड्या बंबांची दारे. तुर्कांचा १६८३ चा वेढा उठल्यानंतर थोड्याच वर्षांत ह्या शहराने पगारी अग्निसेवक नेमले, आणि ती परंपरा आजतागायत अखंड आहे, हे मला तेथील अधिकाऱ्याने पाठ म्हणून दाखवावे तसे सांगितले. त्याच्या गणवेशाची इस्त्री अशी की बाहीच्या घडीने कागद कापला जावा. त्याने मला सर्व काही क्रमवार दाखवले, प्रत्येक वस्तूचे साल सांगितले, आणि माझा एक प्रश्न क्रम सोडून आला असता ‘ते पुढच्या दालनात येईल’ असे नम्रपणे सांगून तो तेथपर्यंत अमानत ठेवला. चहा मिळाला नाही; माहिती मात्र भरपूर मिळाली.

त्यांतली एक माहिती मी विसरणार नाही. सेंट स्टीफनच्या उंच मनोऱ्यावरही शतकानुशतके आगीचा टेहळ्या बसत असे, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बसत होता, आणि तोही दिवसा तांबडे निशाण व रात्री तांबडा कंदील आगीच्या दिशेला लावी. इथपर्यंत इस्तंबूल आणि व्हिएन्ना ह्यांत काही अंतर नाही. पण १८३६ साली लिट्रोव नावाच्या ज्योतिर्विदाने त्या टेहळ्यासाठी एक यंत्र करून दिले. दुर्बीण धुराकडे रोखायची, आडव्या आणि उभ्या पट्टीवरचे दोन आकडे वाचायचे, आणि एका जाड वहीत ते आकडे काढून पाहिले की धूर कोणत्या ठिकाणचा आहे ते लिहिलेले सापडे. आकाशातल्या ताऱ्यांना पत्ते देणाऱ्या माणसाने आपली विद्या शहरातल्या चुलींसाठी खाली उतरवली, आणि भाला घेऊन धावणाऱ्या जासुदाच्या जागी एक दप्तर आले. आगीचेही दप्तर असावे ह्या वृत्तीची आपण थट्टा करतो, पण दप्तर नीट असले म्हणजे ते कसे उपयोगी पडते हे पाहायचे असेल तर ते व्हिएन्नातच पाहावे.

आणि दप्तर नुसते असून भागत नाही हेही तेथेच पाहावे. ८ डिसेंबर १८८१ रोजी तेथील रिंग थिएटरात खेळ सुरू होण्यापूर्वी आग लागली. गॅसचे दिवे बंद झाले, संकटसमयी लावावयाचे तेलाचे दिवे पेटलेले नव्हते, दारे आतल्या बाजूला उघडणारी. लोक अंधारात दारांवर रेटले गेले. बाहेर मात्र सर्वांची सुटका झाल्याचे जाहीर करण्यात आले. मृतांचा सरकारी आकडा ३८४ होता. त्यानंतर रंगमंच आणि प्रेक्षागृह ह्यांमध्ये लोखंडी पडदा हवा, दारे बाहेर उघडली पाहिजेत, हे नियम कडक झाले. आपल्या नाट्यगृहांतून ‘बाहेर जाण्याचा मार्ग’ ह्या पाटीखाली रचून ठेवलेली खुर्च्यांची चळत आणि दाराला लावलेले कुलूप मी इतक्या वेळा पाहिले आहे की, ह्या कहाणीतला अंधार मला फारसा परका वाटला नाही.

व्हिएन्नातून पश्चिमेला लिंझकडे गेले की डोंगरउतारांवर सफरचंदाच्या बागा, मक्याची शेते, प्रत्येक खिडकीत तांबडी जिरेनियमची फुले, आणि गाव दृष्टीला पडण्याआधी दिसणारा चर्चचा कांद्याच्या आकाराचा घुमट. ह्याच भागात एन्स नदीत इ. स. ३०४ साली गळ्यात जात्याची तळी बांधून फ्लोरियान नावाच्या रोमन अधिकाऱ्याला त्याच्या ख्रिस्ती श्रद्धेपायी बुडवण्यात आले. पाण्यात मेलेला हा संत पुढे आगीपासून राखणारा म्हणून पूजला जाऊ लागला. त्याच्या नावाच्या मठात संगीतकार ब्रुकनरला ऑर्गनखाली पुरलेले आहे, पण मी त्या कबरीपाशी फार रेंगाळलो नाही. मला जवळच्या एका खेड्यात जायचे होते, जेथल्या बंबखान्याच्या भिंतीवर तोच संत चिलखत घालून एका जळत्या घरावर बादली ओतताना रंगवलेला आहे. संताची आकृती त्या घराच्या दसपट मोठी. चित्रकाराला प्रमाणापेक्षा विश्वासाची चाड अधिक असावी. माझे घर राख, वाटल्यास शेजाऱ्याचे जाळ, अशा अर्थाचे एक थट्टेखोर मागणे ह्या संताकडे मागतात, असे मला तेथल्या लोकांनीच हसत हसत सांगितले.

आणि गंमत अशी की प्रत्यक्षात शेजाऱ्याचे घर वाचवण्याचा एवढा इतमाम मी दुसरीकडे पाहिलेला नाही. सबंध ऑस्ट्रियात पगारी दले सहाच शहरांत आहेत. बाकी सर्व मुलखात आग विझवतात ते गावकरी, आणि तेही विनावेतन. त्या खेड्यातल्या माझ्या यजमानांनी बंबखान्याचे दार उघडले तेव्हा आत रांगेने लाकडी खण, प्रत्येकावर नाव. हा पाव भाजणाऱ्याचा, हा शाळामास्तराचा, हा पोस्टातल्या बाईंचा, हे दोघे बापलेक. प्रत्येक खणाखाली बुटांची जोडी, आणि आगीत घालावयाची जाड विजार त्या बुटांवरच दुमडून खाली बसवलेली, म्हणजे धावत आलेल्या माणसाने बुटांत पाय घालायचे आणि विजार वर ओढायची. दोन क्रिया एका झटक्यात. मी ते डोळे भरून पाहत असतानाच छपरावरचा भोंगा असा कडाडला की मी दाराकडे सरकलो. कोणीही हलले नाही. ‘शनिवार. बारा वाजले,’ पाववाला म्हणाला. देशभर दर शनिवारी दुपारी बारा वाजता पंधरा सेकंद भोंग्यांची परीक्षा होते, आणि लोक त्यावर घड्याळ लावतात.

त्याच संध्याकाळी बंबखान्यामागच्या पटांगणात दलाचा वार्षिक उत्सव होता. मोठा तंबू, लांबच लांब बाके, पितळी वाद्ये, भाजलेल्या कोंबड्यांचा खमंग धूर, व्हिनेगर शिंपडलेली बटाट्याची कोशिंबीर, आणि बिअरचे असे पेले की एक उचलायला मनगट हवे. वाढपी सगळे दलातले. गावचे महापौर कोपऱ्यात बाह्या सरसावून पेले विसळत होते, आणि त्याचे कोणाला काही वाटत नव्हते. ह्या मिळकतीतून नवा बंब घेण्याला हातभार लागतो, बंब आला की पाद्री त्यावर तीर्थ शिंपडतो, आणि दहाबारा वर्षांची मुले आपल्या वेगळ्या पथकातून पाण्याची नळी जोडण्याच्या शर्यती खेळतात. दलातले लोक भेटल्यावर ‘गुट वेअर’ म्हणून एकमेकांना अभिवादन करतात.

मला आमचे गाव आठवले. कडब्याची गंजी पेटली की सबंध गाव घागरी, कळशा, बादल्या घेऊन धावते. गोठ्यातली दावी कापायला पोरे जिवावर उदार होऊन आत घुसतात. धैर्यात आम्ही त्या ऑस्ट्रियन पाववाल्याला तसूभरही हार जाणार नाही. पण साखर कारखान्याचा बंब दहा कोसांवरून येईपर्यंत गंजीची राख झालेली असते, आणि दुसऱ्या दिवसापासून पुढच्या आगीपर्यंत त्या विषयावर कोणी एकत्र बसत नाही. आमच्या गावात पाणवठेच जातवार वाटलेले होते. बादली हातोहात पुढे सरकवण्याची सवय तेथे लागावी कशी? ऑस्ट्रियन खेड्यात भांडणे नसतात असे मी म्हणत नाही. त्या तंबूतही दोन भाऊ, बहुधा वाटणीवरून, एकमेकांकडे पाठ करून बसलेले मला दाखवण्यात आले. मात्र त्यांचे खण शेजारीशेजारी होते.

पॅरिसला आलो तो जुलैच्या ऐन मध्याला. येथील दल म्हणजे सेना. येथले बंबवाले, सापर-पाँपिए, हे खरोखरीचे सैनिक आहेत, आणि त्यांच्या जन्माला पुन्हा व्हिएन्नाच कारण झाली. नेपोलियनने ऑस्ट्रियाच्या राजकन्येशी विवाह केला, त्याप्रीत्यर्थ ऑस्ट्रियाचा वकील श्वार्त्सेनबेर्ग ह्याने १ जुलै १८१० रोजी नृत्यसमारंभ केला, त्यासाठी उभारलेल्या तात्पुरत्या लाकडी दिवाणखान्याला आग लागली, आणि वकिलाची भावजय जळून मेली. बादशहा स्वतः हजर होता. आग विझवणाऱ्यांची तारांबळ त्याने डोळ्यांनी पाहिली आणि पुढच्याच वर्षी फर्मान काढून ते काम लष्कराच्या पलटणीकडे सोपवले. ‘वाचवीन किंवा मरेन’ हे त्यांचे ब्रीद आहे. अंगणात दोन मीटर चाळीस उंचीवर एक आडवी फळी टांगलेली असते. तिच्यावर हातांच्या बळाने स्वतःला ओढून चढता आले पाहिजे, कारण पायाखालची जमीन खचली तर वर निघण्याचा मार्ग तेवढाच उरतो. एका केंद्राच्या फाटकातून मी सोमवारची हजेरी पाहिली. कर्तव्य करताना मेलेल्यांची नावे एकामागून एक पुकारली जातात, आणि हजर असलेले जवान प्रत्येक नावाला एकमुखाने उत्तर देतात की तो आगीत मेला. मुंबईत भायखळ्याच्या मुख्यालयातही १४ एप्रिलला मृतांना मानवंदना दिली जाते, पण ती वर्षातून एकदा.

एवढे कठोर लोक १३ आणि १४ जुलैच्या रात्री बंबखान्याची दारे सताड उघडतात व सगळ्या शहराला नाचायला बोलावतात. दाराशी एक लाकडी पिंप ठेवलेले असते. त्यात इच्छेला येईल ते टाकावे आणि आत जावे. बंब बाहेर रस्त्यावर काढून उभे, अंगणात रंगीत दिवे, आणि ज्या फळीवर सकाळी घाम गळतो तिच्याखाली आजीबाईंपासून कॉलेजकुमारींपर्यंत सर्वजण जवानांबरोबर फेर धरतात. व्हिएन्नात पदोपदी जाणवणारे अंतर आणि ऑस्ट्रियन खेड्यातला घरोबा ह्यांच्यामधले असे काहीतरी ते आहे: वर्षभर हा शिपाई तुमचा नव्हे, राष्ट्राचा, दोन रात्री मात्र तो तुमच्या पेल्यात वारुणी ओततो. आपण गणपतीत पोलीस चौकीपुढे नाचतो, चौकीत नाचत नाही.

माझ्या पेल्यात ओतणारा सार्जंट मी मुंबईकडचा आहे हे कळताच जरा थांबला. त्याने एकच विचारले: जहाज जळाले होते ते तुमचेच बंदर ना? हो म्हटले. मग मी त्याला व्हिक्टोरिया गोदीतल्या फोर्ट स्टिकीन ह्या जहाजाची हकीकत सांगितली: सुमारे चौदाशे टन स्फोटके, त्याच जहाजात कापसाच्या गासड्या, १४ एप्रिल १९४४ ची दुपार, चार वाजून सहा मिनिटांनी झालेला स्फोट, दलातली सहासष्ट माणसे. तो ऐकत होता तो हळहळून नव्हे. कारागीर दुसऱ्या कारागिराचे काम ऐकतो तसा. तांबडे निशाण होते काय, असे त्याने विचारले. दारूगोळ्याच्या जहाजाने लावावयाचे ते निशाण लावलेले नव्हते, असे मी म्हणालो. वर्दी लागल्यापासून स्फोटापर्यंत वेळ किती? सुमारे दोन तास, आणि जहाज जागच्या जागी बुडवावे की ओढून समुद्रात न्यावे ह्याचा निर्णय तेवढ्या वेळात झाला नाही. ‘दोन तास!’ असे ओरडून त्याने पेला आपटला, शेजारच्या दोघा जवानांना हाक मारली, टेबलावरच्या कागदी आच्छादनावर पेन्सिलीने जहाजाची आकृती काढली, आणि पत्रा कोठे कापायला हवा होता ह्यावर तिघांचा असा कडाक्याचा वाद जुंपला की पिंपात पैसे टाकून आलेली निदान वीस माणसे रिकामे पेले हातात घेऊन त्यांच्या नावाने खडे फोडीत उभी राहिली.